चिपसेटचा पंखा काढून बिनपंख्याचा हीटसिंक बसवायचाय. कोणता घेऊ?

सातवी_गल्ली | १२ एप्रिल, रात्री ११:१०

मंडळी, जरा सल्ला पाहिजे.

लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरीच करतो. मशीनमध्ये सीपीयू रायझन ७ ३७००एक्स, एक्स५७० चिपसेटचा (सीपीयू आणि बाकी भाग जोडणारी बोर्डावरची चिप) बोर्ड, दोन एनव्हीएमई (थेट बोर्डात बसणाऱ्या वेगवान) ड्राइव्ह, अडीच स्लॉट जाडीचं तीन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड. बोर्डावर चिपसेटसाठी जो बारका पंखा आहे तो हिवाळ्यापासून घरघरतोय. मशीन चालू केलं की पहिली पाच-दहा मिनिटं जास्त, मग आवाज बारीक होतो, पण जात नाही. साफ करून झालं. तेलाचा थेंब सोडून झाला, तो आठवडाभर पुरला.

त्या मापाचा पंखा इथं दुकानात मिळत नाही. ऑनलाइन दिसतात ते नेमके बसतील याची खात्री कुणी देत नाही. म्हणून म्हटलं पंखाच नको, नुसता हीटसिंक (उष्णता हवेत टाकणारा धातूचा ठोकळा) बसवू. तयार काही मिळतं का? तांब्याचा घ्यावा की ॲल्युमिनियमचा? केवढा लागेल? खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर स्लॅब, एसी नाही. सध्या दुपारी आत ३७ अंश असतात.

खासबाग | १२ एप्रिल, रात्री ११:२४

भावा, पंखा बदल आणि गप झोप की. एवढ्या बारक्या पंख्यासाठी धागा?

नाहीतर हेडफोन घाल.

ध्वनिमुद्रिका | १३ एप्रिल, सकाळी ७:४०

खासबाग, तुम्हाला ऐकू येत नसेल, माइकला येतं. मी घरी गोष्टींचं रेकॉर्डिंग करते. मोठा १४० मिमीचा पंखा सावकाश फिरला तर त्याचा नुसता वाऱ्यासारखा आवाज येतो आणि तो नंतर काढता येतो. ४० मिमीच्या पंख्याला तेवढीच हवा ढकलायची तर कितीतरी पट वेगानं फिरावं लागतं, त्याची शिट्टी नेमकी माणसाच्या बोलण्याच्या पट्ट्यात बसते. बेअरिंग गेलं की ती शिट्टी हलायलाही लागते, मग ती कुठल्याच सॉफ्टवेअरनं निघत नाही.

सातवी_गल्ली, काही विकत घ्यायच्या आधी बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) बघा. बऱ्याच एक्स५७० बोर्डांत चिपसेटच्या पंख्याला सायलेंट, बॅलन्स्ड असे वेगळे पर्याय असतात. ‘सायलेंट’वर ठराविक तापमानापर्यंत पंखा फिरतच नाही. आणि एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून चिपसेटचं तापमान बघा, रिकामं असताना आणि एक्सपोर्ट चालू असताना. आकडे इथे द्या.

सातवी_गल्ली | १३ एप्रिल, दुपारी ३:०५

ताई, सायलेंट आधीपासूनच आहे. आत्ता, भर दुपारी: रिकामं असताना ६३, मोठी फाइल एका एनव्हीएमईवरून दुसरीवर टाकली की ७४ पर्यंत जातं आणि पंखा बोंबलायला लागतो. ग्राफिक्स कार्डावर रेंडर लावलं तरी चढतं, तेव्हा तर चिपसेटला फारसं काम नसतं.

थंडगार | १३ एप्रिल, रात्री ९:५०

शेवटच्या वाक्यात तुझं अर्धं उत्तर आहे. चिपसेट कार्डाच्या पोटाखाली आहे. कार्ड तापलं की त्याची सगळी ऊब खाली दबते आणि चिपसेटचा सिंक उलट तापतो. म्हणजे ‘कोणता सिंक’ विचारण्याआधी ‘त्या जागेत कसली हवा येते’ हे बघायला हवं.

थोडा इतिहास, कारण हे दुसऱ्यांदा घडतंय. २००४-०५ च्या सुमारास एनफोर्स४ चिपसेटच्या बोर्डांवर असेच ४० मिमीचे पंखे असायचे, तेही बरेचदा ग्राफिक्स कार्डाखाली, आणि ते असेच मरायचे. त्या काळात बिनपंख्याच्या चिपसेट कूलरचा मोठा बाजार होता. झालमनचा निळा झेडएम-एनबी४७जे, थर्मलराइटचा हीटपाइपवाला एचआर-०५, कार्ड आडवं येणाऱ्यांसाठी त्याचाच वाकडा एचआर-०५ एसएलआय, नॉक्टुआचा एनसी-यू६, एन्झोटेकचे तांब्याचे घडीव सिंक. लोक चवीनं वाद घालायचे.

मग तो बाजार बसला, कारण गरजच संपली. मेमरी कंट्रोलर आणि ग्राफिक्सची लेन (डेटाची वाट) सीपीयूच्या आत गेली, नॉर्थब्रिज (ही कामं करणारी चिपसेटची मोठी, तापणारी चिप) नावाची चीज उरली नाही. इंटेलचा जी४१ चिपसेट २५ वॅटचा होता, पुढचा एच६१ फक्त ६.१ वॅटचा, एच८१ तर ४.१. एवढ्याला चपटी पट्टी पुरते.

२०१९ मध्ये एक्स५७० आला तो पीसीआयई ४.० (कार्ड आणि ड्राइव्ह जोडणाऱ्या लेनची वेगवान पिढी) घेऊन. आधीचे चिपसेट एएमडी बाहेरून, एएसमीडियाकडून करून घ्यायची, हा स्वतः केला. तो ११ वॅटच्या आसपास जातो, आधीचा एक्स४७० साधारण निम्म्यात होता. बोर्डवाले पंखे लावून मोकळे झाले. सुरुवातीला बिनपंख्याचा जवळजवळ एकटाच होता, गिगाबाइटचा ऑरस एक्स्ट्रीम. त्यात सिंक बोर्डभर पसरवला होता आणि किंमतही तशीच होती. २०२१ मध्ये एक्स५७०एस नावाने बिनपंख्याचे बोर्ड आले, म्हणजे हे जमतं हे कंपन्यांनीही दाखवलं.

तर भावा, जुने नावाजलेले कूलर विसर. ते बनायचे बंद झालेत, कुठं जुने मिळाले तरी उंच आहेत. तुझ्या कार्डाखाली ते मावणारच नाहीत.

पुणेकर_नाइलाजाने | १३ एप्रिल, रात्री १०:३०

सरळ बी५५० बोर्ड घ्या. पंखा नाही, हाच सीपीयू चालतो. जुना बोर्ड विकून टाका.

सातवी_गल्ली | १३ एप्रिल, रात्री १०:४१

घरघरणारा बोर्ड कोण घेणार? आणि बी५५० मध्ये पीसीआयई ४ ची एनव्हीएमई एकच, सीपीयूची. चिपसेटमागच्या लेन ३.० च्या. मला दोन्ही ड्राइव्ह पूर्ण वेगानं पाहिजेत. सीझनला तेच पोट आहे.

पुणेकर_नाइलाजाने | १३ एप्रिल, रात्री १०:४४

मग मान्य.

माग_आणि_मी | १४ एप्रिल, सकाळी ८:१५

नमस्कार, इचलकरंजीहून. धाग्यात घुसतोय, पण विषय तोच आहे. आमच्या कारखान्याच्या ऑफिसात बिलाचा जुना कॉम्प्युटर आहे, बोर्ड जी४१ चाच. शेजारी माग चालू. कापसाचं तूस कुठं जात नाही विचारा. नॉर्थब्रिजच्या सिंकवर कुणीतरी बारका पंखा बसवलेला, तो तूस गुंडाळून गुंडाळून जाम होतो. साफ केला की महिन्या-दीड महिन्यात परत तेच. पंखा जाम झाला की मशीन दुपारी आपोआप बंद. मला आवाजाशी देणंघेणं नाही, मागापुढं काय ऐकू येणार. फक्त बंद पडू नये.

थंडगार | १४ एप्रिल, सकाळी ९:२०

तुमची केस सातवी_गल्लीपेक्षा सोपी आहे, जरी वॅट दुप्पट असले तरी. ऑफिसच्या मशीनमध्ये ग्राफिक्स कार्ड नसेल, म्हणजे वर उंचीला मोकळीक आहे. बोर्डावर नॉर्थब्रिजच्या दोन कोपऱ्यांना तारेचे हूक आहेत की भोकं आहेत ते सांगा. हूक असतील तर स्प्रिंगच्या तारेनं अडकणारा सिंक लागतो, भोकं असतील तर पुश-पिनचा. भोकांचं तिरकं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजायचं. सगळं बरोबर घेऊन या एका मापावर फसलेले लोक मी पाहिलेत.

आणि फिन (सिंकच्या पातळ उभ्या पट्ट्या) दाट असलेला सिंक घेऊ नका, कितीही भारी दिसला तरी. दाट फिनमध्ये तूस नमद्यासारखं बसतं. ६-७ मिमीची फट असली की ब्रश आत जातो. बिनपंख्याच्या सिंकला तसंही रुंद फट लागते, कारण गरम हवा स्वतःहून वर जायची असते, तिला ढकलणारं कुणी नसतं. दोन मिमीच्या फटीत ती अडकून बसते.

उद्यमनगरचा_लेथ | १४ एप्रिल, रात्री ८:३०

हे काय चाललंय मर्दानू? कोल्हापुरात बसून हीटसिंक विकत कुठं मिळंल म्हणून विचारताय? शिवाजी उद्यमनगरात एक फेरी मारा. जिथं इंजिनाचे पार्ट हुतात तिथं चार इंचाची ॲल्युमिनियमची पट्टी कापायला कुणी न्हाई म्हणणार न्हाई. फक्त सकाळी जावा, दुपारनंतर मशीनवर मोठा जॉब चढलेला असतोय.

मटेरियल: फॅब्रिकेशनवाल्याकडं एचई-९ ची जाड पट्टी मागा, तेच ६०६३. एचई-३० पण चालंल, थोडी कमी उष्णता नेती, पण मशीनला चांगली. ओतीव ॲल्युमिनियम घेऊ नका, त्यात सिलिकॉन जास्त असतंय आणि उष्णता निम्म्यानंच नेतंय. आणि बीडाचा तर इचार बी नको, आमच्याकडं फौंड्र्या लई असल्या तरी.

करायचं काय: एका बाजूला फेस मारून सपाट करायचं, दुसऱ्या बाजूनं स्लिटिंग कटरनं फटी काढायच्या. बर (कापलेल्या काठावरचे धातूचे कण) नीट काढून घ्या. तो बारीक चुरा बोर्डावर पडला तर शॉर्ट.

खासबाग | १४ एप्रिल, रात्री ८:५२

लेथवाले, त्यापेक्षा हुपरीला जाऊन चांदीचाच करून आणूया की. चांदी सगळ्यात जास्त उष्णता नेते म्हणतात. नाद खुळा!

थंडगार | १४ एप्रिल, रात्री ९:१५

हसण्यावारी नेऊ नका, उत्तर उपयोगाचं आहे. धातूतून उष्णता किती वाहते त्याचं माप: चांदी साधारण ४३० वॅट प्रति मीटर केल्विन, तांबं ४००, ६०६३ ॲल्युमिनियम २०० च्या आसपास. म्हणजे चांदी दुपटीहून भारी. तरी सातवी_गल्लीला तिचा फायदा दोन अंशसुद्धा होईल असं वाटत नाही. कारण ११ वॅट धातूतून जाताना अडतच नाहीत. अडतात ते धातूतून हवेत जाताना. तिथं धातू कोणता याला किंमत नाही, पृष्ठभाग किती आणि हवा हलते का, एवढंच.

हिशेब मांडतो. वारा नसलेल्या हवेत, रेडिएशन धरून, दर चौरस मीटरला दर अंशाला ८ वॅटच्या आसपास जातात. कार्डाखाली उंची किती आहे? कार्डाच्या खालच्या काठापासून बोर्डापर्यंत १५ मिमीच्या आसपास असावी, मोजून सांग. तळ ४ मिमीचा धरला तर फिनला १० मिमी उरतात. ११० बाय ८० मिमीचा तुकडा, त्यावर लांबीनं १० फिन: प्रत्येकाच्या दोन बाजू मिळून २२ चौरस सेंमी, दहांचे २२०, शिवाय तळाचे ८८. ढोबळ ३०० चौरस सेंमी, म्हणजे ०.०३ चौरस मीटर.

११ भागिले (८ गुणिले ०.०३) = ४६ अंश चढ. खोली ३७, कॅबिनेटमध्ये आठ-दहा अंश जास्त, म्हणजे ४६. बेरीज ९२. नापास.

आता कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला खाली एक १४० मिमीचा पंखा मिनिटाला ५००-६०० फेऱ्यांवर लावला. ऐकूही येणार नाही इतका सावकाश. तेवढ्या झुळुकीनं तो ८ चा आकडा १५ पर्यंत जातो. मग चढ २४, आणि कार्डाखालची कोंडलेली ऊब हलल्यामुळं आसपासची हवाही दोन-तीन अंश उतरते. बेरीज ७० च्या आत-बाहेर. पास.

म्हणून माझं सांगणं एवढंच की बारका पंखा काढ, पण हवा काढू नकोस. बिनपंख्याचा सिंक बिनहवेच्या कॅबिनेटमध्ये चालत नाही. आणि हा हिशेब पूर्ण ११ वॅटचा आहे, रोजच्या कामात चिपसेट तेवढा जात नाही.

ध्वनिमुद्रिका | १४ एप्रिल, रात्री १०:०२

१४० मिमी ५०० फेऱ्यांवर असेल तर माझी हरकत नाही. 🙂

एक विचारू? सिंक काळा असावा म्हणतात ते खरं का?

थंडगार | १४ एप्रिल, रात्री १०:२०

उघड्यावर असेल तर खरं. चकचकीत ॲल्युमिनियम रेडिएशननं जवळजवळ काहीच टाकत नाही, अॅनोडाइज केलेलं किंवा पातळ मॅट रंग दिलेलं भरपूर टाकतं. वारा नसताना त्याचा वाटा लक्षात येण्याइतका असतो. इचलकरंजीच्या काकांनी जरूर काळा करून घ्यावा. पण सातवी_गल्लीचा सिंक बघतो कुणाकडे? वरच्या तापलेल्या कार्डाकडे. तिथं काळा रंग उलट कार्डाची ऊबही घेईल. फायदा-तोटा मिळून फार फरक पडणार नाही, रंगाचे पैसे पंख्यात घाल.

सातवी_गल्ली | १५ एप्रिल, दुपारी १:३०

मोजलं. कार्डाखाली १६ मिमी आहेत. पण ११० बाय ८० बसत नाही, एका बाजूला एम.२ चा (एनव्हीएमईच्या स्लॉटचा) स्क्रू आणि दुसऱ्या बाजूला कपॅसिटरची रांग. ९५ बाय ७० येईल, एका कोपऱ्याला खाच काढून. कार्ड बोर्डाच्या उजव्या काठाआधीच संपतं, म्हणजे सिंकचा तिसरा हिस्सा कार्डाबाहेर राहील. तिथं फिन उंच ठेवू का?

थंडगार | १५ एप्रिल, दुपारी २:१०

ठेव! तोच भाग सगळ्यात जास्त काम करेल. तिथं २५ मिमीपर्यंत जाऊ दे, साटाच्या केबल अडत नाहीत तोपर्यंत. कॅबिनेट उभं आहे, तर फिनची दिशा वर-खाली ठेव म्हणजे गरम हवेला वाट राहते. पुढच्या पंख्याची हवा मात्र आडवी येणार. दोन्ही साधायचं तर उंच भागात आडवे छेदही मारून घे, चौकोनी खुंट्या तयार होतील, कुठूनही हवा जाते. आणि दुसरी एनव्हीएमई, जी सारखी लिहिली जाते, ती सीपीयूच्या स्लॉटमध्ये टाक, चिपसेटवरचा ताण तेवढाच कमी.

उद्यमनगरचा_लेथ | १५ एप्रिल, रात्री ९:००

आडव्या छेदाला येळ जाईल, पण हुतंय. नुसतं तोंडानं सांगू नको, कागदावर काढून ने आणि जुना सिंक बरोबर ने. भोकं त्याच्यावरनं मार्क करतील, ती माप घेऊन काढण्यापरास खात्रीची.

सातवी_गल्ली | १६ एप्रिल, सकाळी १०:४५

जुना सिंक उतरवायला घाबरतोय खरं तर. चिकटलाय.

थंडगार | १६ एप्रिल, सकाळी ११:१५

मशीन अर्धा तास चालव, गरम असतानाच बंद कर, वायर काढ. मग सिंक वर उपटायचा नाही, हळूच डावी-उजवीकडं पिळायचा. चिप आणि सिंकमध्ये पेस्ट असो की पॅड, सुटतं. स्क्रूड्रायव्हर खाली घालून उचकटायचं नाही. बहुतेक चिपसेटचा डाय (सिलिकॉनचा नाजूक तुकडा) उघडा असतो, सीपीयूसारखी वर धातूची टोपी नसते. कोपरा उडाला की बोर्ड गेला.

बसवताना: मूळचे स्प्रिंगवाले स्क्रू वापर, दोन्ही बाजूंनी आळीपाळीनं थोडे थोडे आवळ. मूळ सिंकखाली पेस्ट होती की पॅड ते बघ. पॅड असेल तर त्याची जाडी मोज, नवा सिंक तेवढाच वर राहणार का याचा विचार कर. पेस्ट लावायची तर तळ खरोखर सपाट हवा. आसपासच्या बारक्या पार्टांवर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज न नेणारी) लाव, धातू टेकला तर शॉर्ट. लिक्विड मेटल अजिबात नको, त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं. आणि कुणी दोन नळ्यांचा इपॉक्सी लावून चिकटव म्हणालं तर हात जोड. तो उष्णता नेतही नाही आणि परत निघतही नाही.

पुणेकर_नाइलाजाने | १६ एप्रिल, दुपारी १२:००

इथं पुण्यात हे सगळं ऑनलाइन मागवून परत पाठवण्यात गेलं असतं. हेवा वाटतोय.

सातवी_गल्ली | ३ मे, दुपारी ४:२०

झालं बाबा. आकडे देतो.

सिंक ९५ बाय ७०, कार्डाखाली १२ मिमी उंच, बाहेरच्या पट्ट्यात २४. मिलिंगवाल्यानं आधी विचारलं कुठल्या इंजिनाचा पार्ट हाय, मग स्वतःच रस घेऊन फटी ६ मिमीच्या ऐवजी ५.५ मध्ये बसवून एक फिन जास्त काढली. पुढं खाली १४० मिमीचा पंखा, ५५० फेऱ्या. मूळ सिंकखाली पॅड होता, मी पेस्टवर गेलो, तळ सरफेस ग्राइंडिंग करून घेतला होता.

आज खोलीत ३८. रिकामं ६१. ड्राइव्हवरून ड्राइव्हवर मोठी कॉपी: ७३. ग्राफिक्स कार्डावर तासभर रेंडर: ७१, आधी पंखा असूनही ७२-७३ जायचं. आवाज शून्य. म्हणजे पंखा होता तेवढंच तापमान, पण घरघर नाही.

तो १४० चा पंखा मुद्दाम बंद करून बघितला. रेंडरला ८५ गेल्यावर मीच थांबवलं. थंडगार, तुमचा कागदावरचा हिशेब फार चुकला नाही.

थंडगार | ३ मे, सायंकाळी ५:०५

मे महिन्यात चाचणी घेतलीस हे उत्तम. जुलै-ऑगस्टात घेतली असतीस तर खोलीच २५-२६ ला असते, काहीही बसवलं तरी पास झालं असतं.

एक सांगून ठेवतो: ऊस तोडणीच्या दिवसांत पाचट जाळल्याची काजळी घरात येते. पुढच्या पंख्याला जाळी लाव आणि ती धूत जा. सिंकवर काजळीचा थर बसायला वेळ लागेल, जाळी तुंबली तर मात्र १४० चा पंखा असून नसल्यासारखा.

खासबाग | ३ मे, सायंकाळी ५:३०

मानलं भावा. हेडफोन परत कर.

माग_आणि_मी | ४ मे, सकाळी ८:४०

आमच्या बोर्डावर तारेचे हूक निघाले. भोकं नाहीत. मग मिलिंग करून आणलं तरी अडकवायचं कसं?

उद्यमनगरचा_लेथ | ४ मे, सकाळी ९:१०

काका, जुन्या सिंकची स्प्रिंगची तार जपून ठिवा. नव्या सिंकच्या मधल्या फटीतनं ती तिरकी जाईल असा छेद मारून घ्यायचा, दोन्ही टोकं हुकात. तारंखाली तळाची जाडी जुन्याएवढीच ठिवा, न्हाईतर दाब कमी-जास्त हुईल. उंची तुमच्याकडं भरपूर हाय, ५० मिमी करा. जड व्हायला लागला तर तार पेलणार न्हाई, म्हणून फिन पातळ, दीड मिमीच्या. कधी येताय सांगा, मिलिंगवाल्याला निरोप देतो.

माग_आणि_मी | ४ मे, सकाळी ९:१८

 माग बंद असतील त्या दिवशी येतो, जुना सिंक आणि तार घेऊन.